जोतीरामचा गुडघाभर वड

कोपरखैरणं तेव्हा नवं नवं होतं. नळ आले, दिवे आले, आखीव रस्तेही आले, पण मोठं झाड म्हणाल तर औषधालाही नव्हतं. म्हणून वटपौर्णिमेला बायका बाजारातून वडाची फांदी आणायच्या, माती भरलेल्या डब्यात खोचायच्या आणि त्या डब्यालाच फेऱ्या घालायच्या. वेणूबाईसुद्धा तेच करायची. त्या वर्षी मात्र तिनं आधीच जोतीरामला बजावलं, यंदा फांदी आणू नका, मी काही पुजायची नाही.

झालं! तुर्भ्याच्या मार्केटात दिवसभर पाठीवर पोती वाहणारा हा गडी तेवढ्यानं पार खचला. वरवर हसला, सुटलो बाबा एकदाचा, असंही म्हणाला. पण घास गोड लागेना. आपण घोरतो, तंबाखू खातो, हिला साताऱ्याकडची सावली सोडून या रखरखाटात आणली, सगळी पापं त्याला ओळीनं आठवली. पुढच्या जन्मी ही आपल्याला टाळणार, हे त्यानं धरूनच टाकलं. विचारायची मात्र छाती होईना.

शेवटी त्यानं मुकादम मानसिंगपाशी मन मोकळं केलं. मानसिंग आधी यथेच्छ हसला. मग म्हणाला, वहिनींच्या माहेरी पारावरचा वड केवढा, त्यांना फांदीचं काय कौतुक? जोतीरामला ते पटलं. गोदामाच्या भिंतीच्या फटीत वडाचं एक रोपटं उगवलं होतं. ते त्यानं मुळासकट हळूच सोडवलं, ओल्या गोणपाटात गुंडाळलं आणि लेकरासारखं मांडीवर घेऊन बसनं घरी आणलं. समोरच्या मोकळ्या जागेत खड्डा खणून लावलं. उंची म्हणाल तर त्याच्या गुडघ्याइतकी.

पौर्णिमेला शेजारणी पदर तोंडाला लावून हसल्या. दोरा गुंडाळला तर मोडेल की गं, म्हणाल्या. वेणूबाईनं कुणाचं ऐकलं नाही. आधाराला रोवलेल्या काठीला सैलसा दोरा बांधला, हळदकुंकू वाहिलं आणि फेऱ्या घातल्या. जोतीराम दारात उभा होता. त्याला राहवलं नाही.

"मग? मागितलंस का मला?"

"न्हाई. ह्याला आयुष्य मागितलं."

जोतीरामचं तोंड उतरलं. ते पाहून वेणूबाईला हसू आलं, पण डोळे भरलेच.

"आवो, ती तोडल्याली फांदी दोन दिसांत वाळायची. तिच्यापाशी तुमचं आयुष्य मागायचं म्हंजी माझ्या जिवाला घोर लागायचा. म्हून नको म्हनले."

 मग तिनं जोतीरामच्या हातात बादली दिली.

"ह्याची सावली पडायला लई वर्सं जातील. पानी तुमीच घालायचं. तवर कुटं जायचं न्हाई."