मधल्या ढिगातले चिंचोके

लग्नाला नऊ दिवस राहिले होते आणि पलूसच्या तानाजीअण्णांच्या घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. सुपारी फुटलेली, सांगलीत बस्ता बांधून झालेला, साडेचारशे पत्रिका वाटून झालेल्या. भावकीसाठी आणलेले टॉवेल-टोप्यांचे गठ्ठे सोप्यात रचून ठेवलेले. आणि नवरी मुलगी शिवांजली भर मे महिन्याच्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचा ड्रेस घालून घरात वावरत होती!

कारण घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. बस्त्याच्या दिवशी साडी दाखवणाऱ्या माणसाशी ती दोन शब्द हसून बोलली. एवढ्यावरून फलटणच्या नवरदेवानं, वीरधवलनं, दुकानाच्या जिन्यात तिचं मनगट असं पिरगाळलं की दोन बांगड्या फुटून हातात रुतल्या. घरी आल्यावर तिनं सरळ सांगितलं, "अण्णा, मला हे लग्न नको."

 अण्णा म्हणाले, "पत्रिका वाटल्यात बाळ. आता मागं फिरलो तर तोंड दाखवायला जागा ऱ्हाणार न्हाई. लग्न झालं की सुधारत्यात पोरं."

आता अण्णा काय दुष्ट होते? मुळीच नाही. याच माणसानं भावकीची बोलणी खाऊन पोरीला लॅब टेक्निशियन केली होती. पण दिलेल्या शब्दावरून हटायचं नाही, हा त्यांचा ताठा होता आणि गावानं कौतुक करून करून तो आणखीच वाढवला होता. मंडळी, असा ताठा तुमच्या-माझ्या घरातही असतो. आपण त्याला अब्रू म्हणतो, एवढंच.

आई राहीबाईंनी शेवटी वाईला भावाला फोन लावला. दुसऱ्या दिवशी जोतीराममामा हजर! फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस, बोलणं मोजकं. जेवणं झाल्यावर त्यांनी पिशवीतून पत्त्यांचा कॅट काढला आणि बहिणीकडून बरणीभर चिंचोके मागून घेतले.

"बसा दाजी, पोकर शिकवतो."

"लग्नघरात जुगार? डोकं फिरलं का तुमचं?"

"पैसा लावला तर जुगार. चिंचोक्यानं कुणाचं घर बुडत न्हाई. शांतिसेनेत आफ्रिकेत हुतो तवा लय देशांचं जवान सांजंला हेच खेळायचं."

पत्त्यांचा आवाज ऐकून अण्णांचा चुलतभाऊ विश्वजित लगेच येऊन टेकला. चौथा हात म्हणून मामांनी शिवांजलीला बसवलं. प्रत्येकाला पन्नास चिंचोके मिळाले.

"दोन पानं आपल्या हातात, पाच मधी उघडायची, सगळ्यांची," मामा समजावू लागले. "आधी तीन, मग एक, मग शेवटचं एक. पाच पानं एकाच रंगाची, म्हंजे सगळी बदाम न्हाईतर सगळी इस्पिक जुळली, तर ती जोडीपरास भारी. दर खेपंला चिंचोकं लावायचं. समोरच्यानं लावलं तेवढंच आपण लावलं, तर कॉल. वाढवून लावलं, तर रेझ. हातात काय नसताना रुबाबात लावलं, तर ब्लफ. हाय न्हाई ते सगळं सारलं, तर ऑल-इन. हरल्याच्या रागात खेळत सुटला, तर टिल्ट. मधी साठतो तो ढीग म्हंजे पॉट. आन पानं खाली ठेवून डाव सोडला, तर फोल्ड."

"सोडायचं म्हंजे हारच की," अण्णा फिस्कारले.

"न्हाई दाजी. ह्यो डाव आपला न्हाई, एवढंच. चांगला खेळाडू धा डावातलं सात सोडतो."

अण्णांना ते पटलं नाही. त्यांनी एकही डाव सोडला नाही. सत्ती-दुर्री आली तरी कॉल! विश्वजित पोट धरून हसत होता. चांगले दोन-चार डाव मारूनही अण्णांचे चिंचोके पन्नासाच्या वर काही टिकेनात.

मग एका डावात अण्णांना दोन राजे आले, एक किलवर आणि एक इस्पिक. मिशीला पीळ भरला! मधे तीन पानं उघडली, तिन्ही बदामाची. शिवांजलीनं रेझ केलं. मामांनी आणि विश्वजितनं पानं खाली ठेवली. अण्णांनी कॉल केला. चौथं पान उघडलं, तिनं पुन्हा वाढवलं, अण्णांनी पुन्हा भरले. पाचवं पान काही कामाचं निघालं नाही. शिवांजलीनं सगळे चिंचोके शांतपणे मधे सारले.

"ऑल-इन, अण्णा."

अण्णांनी तिच्याकडं बघितलं. "मला कळतंय गं. तुझ्या दोन्ही पानांवर बदाम हाय."

"मग सोडा की."

"आन आत्तापातूर चाळीस घातल्यात ते?"

असं म्हणून त्यांनी उरलेले दहासुद्धा ढिगात लोटले. पोरीनं पानं उलटली. दोन्ही बदाम! अण्णांसमोर एक चिंचोका राहिला नाही.

मामा हसले नाहीत. त्यांनी हळूच विचारलं, "दाजी, हारणार हे ठावं हुतं?"

"व्हय."

"मग का घातलं?"

"एवढं घातलं हुतं म्हणून."

"ढिगात पडलेला चिंचोका आपला ऱ्हात न्हाई, दाजी. ठरवताना हातातली पानं बघायची, ढीग न्हाई. सुपारी, बस्ता, साडेचारशे पत्रिका, सगळं ढिगात पडलंय. आता तुमच्या हातात उरलंय काय? एक पोर!"

अण्णा ताडकन उठले. "माझी पोर म्हंजे चिंचोका न्हाई, जोतीराम!"

"मग तिला ढिगात का सारताय?"

 शिवांजली खाली वाकून चिंचोके गोळा करत होती. बाही वर सरकली. मनगटावर काचेचे दोन लांब वण होते. अण्णांनी ते आज पहिल्यांदा बघितले.

"किती दिस झालं ह्याला?"

"बारा."

"मला दिसलं कसं न्हाई?"

"तुम्ही हात बघितलाच नाही अण्णा. तुम्ही पत्रिकाच मोजत होता."

अण्णा मटकन खाली बसले आणि लहान लेकरासारखे रडले. मिशा भिजल्या, विश्वजित समोर होता, तरी त्यांना त्याची शुद्ध नव्हती.

"पर अण्णा, भावकी काय म्हणंल?" विश्वजित चाचरत बोलला. "हॉलचा इसार, आचाऱ्याचा इसार..."

"पडला ढिगात!" अण्णा म्हणाले आणि त्यांनी फलटणला फोन लावला.

व्याही आधी गोड बोलले, मग गरजले, "मोडा की! बघू, तुमच्या पोरीला पुन्हा कोण करतंय ते!"

"ह्याला ब्लफ म्हणत्यात, मी आजच शिकलोय," अण्णा म्हणाले. "आमची पानं खाली. रामराम."

आत राहीबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि चहाचं आधण ठेवलं.

दुसऱ्या सकाळपासून अण्णा स्वतः पत्रिका दिलेल्या घरांची दारं फिरले. लग्न का मोडलं ते कुठंही लपवलं नाही. काहींनी तोंडं वाकडी केली. एकानं चहासुद्धा विचारला नाही. शेवटी वरच्या आळीला हरणाबाईंचं दार आलं. म्हातारी ऐंशीच्या घरातली, नवऱ्याच्या मारानं एका कानानं बहिरी. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि अण्णांचा हात दोन्ही हातांत धरला.

"माज्या बाला समदं ठावं हुतं रं तानाजी," ती म्हणाली. "पर मांडव घातला हुता. त्यो मांडव दोन दिसांनी उतरला. मी त्या घरात साठ वरसं ऱ्हायले."

 अण्णा वाकून म्हातारीच्या पाया पडले.

मंडळी, मोडलेल्या लग्नाची चर्चा गाव महिनाभर करतं आणि दुसरा विषय सापडला की विसरतं. चुकीच्या लग्नात ढकललेली मुलगी मात्र ते जन्मभर भोगते. झालेला खर्च आणि दिलेला शब्द पोरीच्या जिवापेक्षा मोठा नसतो. चूक कळली त्या क्षणी थांबण्यात कसली आलीय नामुष्की!

लग्नाच्या तारखेला शिवांजली नेहमीप्रमाणं लॅबला निघाली. अण्णाच तिला गाडीवरून सोडायला गेले. त्या दिवशी तिनं अर्ध्या बाह्यांचा ड्रेस घातला होता.