आयतवारच्या टिक्क्या

“उचल त्याले, चावत नाही तो आता,” शेषराव खुर्चीतून म्हणाले.

दुर्गाबाईंनी पदर खोचला आणि वाफवलेल्या रोहूचा तुकडा उचलून त्यांच्या मांडीवरच्या ताटात ठेवला. संसारात पहिल्यांदाच त्यांचा हात मासळीला लागला होता. गळ्यात तुळशीची माळ. वलगावच्या या घरात मासे शिजत, पण मागच्या अंगणात, वेगळ्या चुलीवर, वेगळ्या भांड्यांत, आणि शिजवायचे शेषराव स्वतः. त्यावरून दोघांत कधी शब्द झाला नव्हता.

आता गुडघ्यांमुळे शेषरावांना चुलीपुढे बसता येत नव्हतं. उजवा गुडघा बदलायचा होता, पण आधी वजन उतरवा, मग ऑपरेशनचं पाहू, असं अमरावतीच्या डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. उकडलेला दुधी आणि मुगाचं पाणी शेषरावांनी काही दिवस निभावलं. काल संध्याकाळी मात्र ताट सरकवलं.

“नाही करत मी आपरेशन. खुर्चीतच मरीन, पन पोट भरून मरीन.”

दुर्गाबाईंनी ते ताट उचललं. देवापुढे दिवा लावला आणि अकोल्याला मुलीला, पौर्णिमाला, फोन केला.

“मासळी चालते बाबाले,” पौर्णिमा म्हणाली. “तळू नको फक्त. मासा जास्त, बटाटा कमी, अशा टिक्क्या कर. पोटाले आधार रायते.”

“पन करन कोन?”

“आई, आता तूच हायेस.”

आज सकाळी पूजा आणि पोथीचा अध्याय झाल्यावर त्या बाजारात गेल्या. मासेवालीनं त्यांच्या गळ्यातल्या माळेकडे पाहिलं आणि काही न विचारता पिशवीवर दुसरी पिशवी चढवून दिली.

आता मागच्या अंगणात शेषराव काटे वेचत होते. प्रत्येक काटा उजेडाला धरून पाहायचे, मग ताटाच्या कडेला ठेवायचे.

“बटाटे एवढेच?”

“पौर्णिमा म्हने, बटाटा नुस्ता धरून ठेवायले.”

“तुही पोरगी डाक्टर झाली काय?”

“तुमचीच हाय.”

बारीक चिरलेली पानकोबी, आलं, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि मूठभर फुटाण्याचं पीठ दुर्गाबाईंनी परातीत घेतलं. कुस्करलेला मासा आणि बटाटा त्यावर घातला. हात क्षणभर वरच थांबला. मग त्यांनी तो आत घातला आणि मळायला लागल्या. थोड्या वेळानं मासा कुठला नि बटाटा कुठला, बोटांना कळेनासं झालं.

“हे मासे हायेत का पानकोबीची भाजी?” शेषराव मान लांब करून म्हणाले.

“खाऊन पाहा, मंग बोला.”

तव्याला त्यांनी कापडानं तेलाचा नुसता हात फिरवला. पहिली टिक्की उलटताना मोडली.

“ओढू नको. खालून शेकली का सोताच सुटते ते. झाकन ठेव अन् गप बस जराशी.”

त्यांनी झाकण ठेवलं. दुसरी टिक्की खरंच अलगद सुटली, तांबूस होऊन.

शेषरावांनी घास घेतला. चावता चावता थांबले. दुर्गाबाईंना कालचं सरकवलेलं ताट दिसलं. आज हेही सरकलं, तर पुन्हा सांगायला त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं.

“पौर्णिमेची माय, आज वार कोनता?”

“आयतवार.”

“मंग मलेही धरायले लावला काय तुहा आयतवार?”

दुर्गाबाईंच्या लक्षात यायला वेळ लागला. रविवार त्यांचा अळणी. लग्नाआधीपासून त्या दिवशी त्यांनी मीठ खाल्लं नव्हतं. शेषरावांच्या भाजीत एरवी घालायच्या आठवणीनं, पण आज चुलीशी जीव असा धास्तावलेला, की हात मिठाच्या डब्याकडे गेलाच नव्हता.

“अवो माय! मीठच राह्यलं!”

शेषराव हसले. पोट हलेपर्यंत हसले, खुर्ची करकरली. कितीतरी दिवसांनी हा आवाज अंगणात आला होता. दुर्गाबाई लगबगीनं लिंबाची फोड आणि चिमूटभर मीठ घेऊन आल्या. शेषरावांनी ते भुरभुरवलं, लिंबू पिळलं आणि सावकाश, काटे शोधायची सवय असल्यासारखं, खाऊ लागले.

ते खात होते तोवर दुर्गाबाईंनी पुन्हा अंघोळ केली. आपली अळणी भाकर आणि दूध त्या दर रविवारी स्वयंपाकघरात घेऊन बसत. आज ताट घेऊन मागच्या पायरीवर आल्या.

“अजून एक देऊ?”

“नाही. भरलं.” शेषरावांनी उरलेल्या टिक्क्यांवर झाकण ठेवलं. “ह्या संध्याकाळले. अन् डाक्टरले सांगजो, वजन उतरवून येतो म्हनाव.”

दुर्गाबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला. तेवढ्यात वारा फिरला. चुलीवर तवा अजून धुपत होता आणि मासळीच्या वासाचा धूर सरळ पायरीकडे येऊ लागला. दुर्गाबाई तशाच बसल्या.

शेषरावांनी खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर दिला.

“आवो, तुमी काहून उठता? मी काढते तवा.”

“जेव तू.”

ते उभे राहिले. श्वास सावरला. कापडात धरून तवा उचलला आणि उजवा पाय ओढत, भिंतीला हात लावत, अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला, भांडी घासायच्या दगडाकडे निघाले.

दुर्गाबाईंनी हातातला घास तोंडाकडे नेला नाही. ते परत येऊन खुर्चीत बसेपर्यंत त्या तो तसाच धरून राहिल्या.