आधी-नंतरचा तक्ता

मित्रांनो, बसा, पण आधी एक सांगा. तुम्ही माझ्याकडे नुसते बघायला आलात, की काही लपवायचं आहे म्हणून आलात? राग मानू नका. चाकणच्या कारखान्यात सहा वर्षं भिंतीवर काढली की स्वभाव असा होतो. मी प्लास्टिकात बंद केलेला एक जुना तक्ता. माझ्या अंगावर इंग्रजी शब्द आहेत, तेही एकाच कामाचे: आधी काय झालं आणि नंतर काय झालं, ते सांगायचे.

मला बनवलं मिनलताईंनी. त्या पिंपळे गुरवहून कंपनीच्या बसने येतात आणि आमच्या ऑफिसात रिपोर्ट लिहितात. नवीन होत्या तेव्हा त्यांचा प्रत्येक रिपोर्ट म्हणजे नुसतं 'देन, देन, देन'. आपण बोलताना 'मग असं झालं, मग तसं झालं' म्हणतो ना, तेच इंग्रजीत उतरायचं. एकदा वरच्या साहेबांनी सगळ्यांदेखत चेष्टा केली. ताईंना ते फार लागलं. त्यांनी घरी बसून शब्द जमवले: 'प्रायर टू' म्हणजे त्याच्या आधी, 'सबसिक्वेंटली' म्हणजे त्यानंतर, 'इन द मीनटाइम' म्हणजे दरम्यान. चिंचवड स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातून मला लॅमिनेट करून आणलं आणि कॉम्प्युटरच्या वर चिकटवलं.

तेव्हा माझं कौतुक काय विचारता! तळेगावच्या युनिटातली माणसं माझा फोटो काढून घेऊन गेली. मी फुगलो होतो, खोटं कशाला बोलू.

पण हळूहळू मला शंका यायला लागली. सरळ माणूस माझ्यावरचा हाताला लागेल तो शब्द उचलतो आणि जातो. जो बोट वरून खाली, खालून वर फिरवत उभा राहतो, त्याच्या पोटात काहीतरी असतं. माल उशिरा सुटला की 'इन द मीनटाइम' हमखास लागायचा, कारण 'दरम्यान' म्हटलं की आधी कोण चुकलं ते कळतच नाही. हे सगळं मला भिंतीवरून दिसत होतं.

मग कोंडीरामचा अपघात झाला. कोंडीराम आमच्या पत्रा दाबून कापणाऱ्या प्रेस मशीनवरचा जुना कामगार. त्या सकाळी माल अडकत होता, म्हणून सुपरवायझर उद्धवरावांनी मशीनपुढची सुरक्षेची जाळी काढायला लावली आणि नंतर कोंडीरामला कामावर बसवलं. ऑफिसच्या काचेतून मी आणि ताई, आम्ही दोघांनी ते पाहिलं. अर्ध्या तासात त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

चार दिवसांनी उद्धवराव ताईंच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "मिनल, कोंडीरामनं मशीन चालू केलं आणि त्यानंतर जाळी निघाली, असं लिही. तक्त्यातला एखादा भारी शब्द टाक. चूक त्याची धरली की विषय संपला."

विषय संपला म्हणजे कोंडीरामची नोकरी संपली, एवढं मलाही कळत होतं.

ताई माझ्याकडे बघत बसल्या. त्यांचं बोट वरून खाली गेलं, खालून वर आलं. मित्रांनो, ज्यांनी मला बनवलं त्यांच्यावरच मला संशय आला. आणि तो खोटा नव्हता. त्यांनी 'सबसिक्वेंटली' लिहिलं आणि कागद छापून काढला.

दुपारी कोंडीराम सहीला आला. उजवा हात पट्टीत, म्हणून डाव्या हाताचा अंगठा द्यायचा होता. त्याने कागदाकडे बघितलं, मग ताईंकडे.

"ताई, मला इंग्रजी न्हाई येत," तो म्हणाला. "ह्यात आधी काय लिवलंय, तेवढं मराठीत सांगा. मग आंगठा देतो."

ताईंनी तोंड उघडलं, पण त्यांना ते वाक्य मराठीत म्हणवेना. इंग्रजीत लिहिताना हात अडखळला नव्हता. त्यांनी कागद फाडला, पुन्हा लिहायला बसल्या, आणि या वेळी माझ्याकडे मान वर करून बघितलंसुद्धा नाही. सात वाजून दहा मिनिटांनी उद्धवरावांच्या सांगण्यावरून जाळी काढली. सात वीसला कोंडीराम मशीनवर बसला. सात पन्नासला अपघात झाला. एकेक ओळ त्यांनी त्याला मराठीत वाचून दाखवली. "व्हय, असंच झालं," म्हणत त्याने अंगठा उठवला, आणि ताईंनी त्याच्यासमोरच रिपोर्ट वर पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी उद्धवरावांनी मला ओरबाडून काढलं. एक कोपरा भिंतीलाच राहिला. आता मी कपाटामागे, तोंड भिंतीकडे. कोंडीराम स्टोअरमध्ये कामाला लागलाय, त्याचा आवाज येतो. माझ्या आयुष्यातला सगळ्यात खरा रिपोर्ट माझा एकही शब्द न वापरता लिहिला गेला, याचं वाईट वाटतं आणि बरंही वाटतं.

मित्रांनो, माझ्यासारखे तक्ते जरूर वापरा, पण आमच्यावर फार विश्वास ठेवू नका. ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला समोर बसवा आणि त्याच्या भाषेत त्याला वाचून दाखवा. वाचताना तुमची मान खाली गेली, तर तो कागद पाठवू नका.