खुर्चीत कोण बसणार

शिट्टीबाईंच्या नाकावर राग असतो, असं सगळे म्हणत. ते काही खरं नव्हतं. नाकावरचा राग एका शिंकेसरशी उडून जातो. बाईंचा मुक्कामाला असायचा. शाळेत कवायत शिकवण्यात उभा जन्म गेला. गळ्यातली शिट्टी गेली तरी आवाजातली राहिली. निवृत्तीनंतर घरात बसून नणंदेशी भांडणार तरी किती, म्हणून त्या माजी सैनिकांच्या विसाव्यात जायला लागल्या.

विसावा म्हणजे एक जुनी बैठी इमारत. म्हातारे सैनिक तिथे सकाळी यायचे, पेपर वाचायचे, पत्ते कुटायचे आणि एकमेकांच्या लढाया खोट्या ठरवायचे. त्यांना आणणं-पोचवणं, औषधं, नखं कापणं, गळकी टाकी, सगळं आसपासची माणसं बिनबोभाट करत. कोणी दुकानाचं शटर ओढून येई, कोणी रात्रपाळी करून तसाच येई. सैनिकही नुसते बसून खाणारे नव्हते. समोरच्या शाळेच्या पोरांना रस्ता ओलांडून देण्याचं काम त्यांनी आपापसात वाटून घेतलं होतं आणि त्यांच्यापुढे एकाही गाडीवाल्याची भोंगा वाजवायची टाप नव्हती. विसाव्याला एक अध्यक्षही होते. ते कॅमेरा आला की उगवत.

बाईंच्या वाट्याला आले तोफखाना. खरं नाव त्यांचं त्यांनाच आठवायला लागे. तोफांशेजारी नोकरी झाल्याने कान गेलेले, म्हणून बोलणं तोफेसारखं. त्यांची कुजबुज पलीकडच्या गल्लीत कळायची. एक पाय गुडघ्याखाली लढाईने नेला. उरलेल्या दीड पायावर त्यांनी संसार केला, मुलगा वाढवला, सायकलसुद्धा हाणली. मग म्हातारपणी रक्तातली साखर वाढली आणि त्याच अर्ध्या पायाचा गुडघाही कापावा लागला. नवा पाय मिळाला तो गुडघ्यात वाकणारा, पण त्याला वाकायची हौस नको तेव्हा. तोफखाना पडले, उठले, पुन्हा पडले आणि म्हणाले, आता बास.

बास कधी ते मी सांगणार, असं बाईंनी सुनावलं. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी विसाव्याच्या लांब व्हरांड्यात दोघांची कवायत सुरू झाली. बाई पुढे उलट्या पावलांनी चालत, तोफखाना मागून शिव्या देत येत. भिंतीला धरायला एक दांडी लावून द्या म्हणून बाईंनी अध्यक्षांच्या मागे लागून लागून तोंडाची वाफ दवडली. निधी नाही, हे एकच उत्तर. शेवटी गल्लीतल्या नळवाल्याने कुठलातरी जुना पाइप आणून ठोकला. वर्ष सरता सरता तोफखाना पाइप सोडून, नुसत्या काठीवर, व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला लागले. पायऱ्यासुद्धा चढायला लागले.

अशात विसाव्यात स्वयंसेवकांचे आभार मानायचा समारंभ ठरला. कल्पना सैनिकांची होती. ज्याने ज्या सैनिकाचं केलं, त्याला त्या सैनिकानेच आपल्या हाताने स्मृतिचिन्ह द्यायचं. तोफखान्यांनी जाहीर करून टाकलं की ते मंचावर चालत जाऊन देणार, आणि हे गुपित आहे, घरी सूनबाईलासुद्धा सांगायचं नाही. त्यांनी ते इतकं हळू सांगितलं की अख्ख्या गल्लीला कळलं. बाईंनी वरवर हूं म्हटलं. घरी गेल्यावर मात्र ठेवणीतले कपडे काढून इस्त्री केली. नणंदेने विचारलं तर तिच्यावरच डाफरल्या.

समारंभाच्या दिवशी ज्यांचे आभार मानायचे होते त्यांनीच सभागृह झाडलं, खुर्च्या मांडल्या, पाण्याचे पिंप भरले. त्याचं कोणाला काही वाटलं नाही, बाईंनाही नाही. वाटलं ते पुढे. दारात एक टेम्पो थांबला आणि त्यातून चकचकीत चाकांच्या खुर्च्या उतरल्या. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर, त्या दान करणाऱ्या बाजारातल्या टायरवाल्यांच्या दुकानाचं नाव, पार पलीकडून वाचता येईल एवढ्या अक्षरांत. मागोमाग दोन सुतार आले आणि बघता बघता मंचाला लाकडी उतार ठोकून मोकळे झाले. वर्षभर एका दांडीला निधी नव्हता. खुर्च्यांना चढायला रस्ता मात्र एका सकाळीत झाला. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

अध्यक्षांनी बाईंना बाजूला घेतलं. बेत थोडा बदललाय, म्हणाले. टायरवाले एवढ्या खुर्च्या देतायत, त्यांचा मान राहिला पाहिजे. तेव्हा तोफखाना खुर्चीत बसतील, बाई खुर्ची ढकलत मंचावर आणतील, टायरवाले शेजारी उभे राहतील आणि तोफखाना बसल्या बसल्या स्मृतिचिन्ह देतील.

"ते चालत येणार आहेत," बाई म्हणाल्या.

"कौतुकच आहे हो मॅडम. पण ते फोटोत कुठे कळतंय? माणूस खुर्चीत दिसला की लोकांना लगेच समजतं."

"काय समजतं?"

"गरज," अध्यक्ष म्हणाले, आणि फोटोवाल्याला जागा दाखवायला निघून गेले.

बाई मंचामागच्या खोलीत आल्या. तोफखाना कोट घालून तयार होते. दोन्ही बुटांना पॉलिश केलेलं, खोट्या पायातल्याला जरा जास्तच. त्यांना बातमी आधीच पोचली होती. ते भांडतील, तोफ डागतील, असं बाईंना वाटलं होतं. पण त्यांनी नुसतं कोटाचं खालचं बटण सोडलं, बसायच्या आधी सोडतात तसं.

"बसतो, बाई," ते म्हणाले. "वरून हुकूम आहे. आणि खुर्च्या मिळतायत, उगाच आपल्यापायी दुसऱ्यांचं नुकसान नको." पहिल्यांदाच त्यांचा आवाज माणसासारखा आला, आणि तो ऐकून बाईंना रडू नाही, संताप आला. वर्षभर पडून पडून उभा राहिलेला माणूस, आणि हे त्याला आभाराच्या नावाखाली खाली बसवणार. का, तर बसलेला बरा दिसतो म्हणून.

बाहेर पुकारा झाला. टाळ्या वाजल्या. तोफखाना खुर्चीत बसायला वळले.

"सरका," बाई म्हणाल्या.

"काय?"

"सरका म्हणते ना. त्यांना फोटोत खुर्ची हवीय, खुर्ची जाईल. तुम्ही पायऱ्यांनी या. चांगला पाय आधी."

आणि बाई ठेवणीतले कपडे सावरून स्वतः त्या खुर्चीत बसल्या. दोन्ही हातांनी चाकं रेटत उतारावरून वर गेल्या आणि मंचाच्या मधोमध, टायरवाल्यांच्या शेजारी, हाताची घडी घालून बसून राहिल्या. टायरवाल्यांना काही कळेना. ते सवयीने हसले. अध्यक्षांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

मग पायऱ्यांवर काठीचा आवाज आला. तोफखाना वर आले. एका हातात काठी, काखेत स्मृतिचिन्ह. मंच व्हरांड्याहून लहान, पण व्हरांड्यात एवढे डोळे नव्हते. अर्ध्यावर आल्यावर त्या हौशी गुडघ्याने घात केला आणि ते बाजूला कलंडले. टायरवाले धावायला निघाले, खाली सूनबाई तोंडावर हात ठेवून उभी राहिली, पहिली रांगच्या रांग अर्धी उठली.

"कोणी हलायचं नाही," बाई म्हणाल्या.

आवाज भरल्या मैदानातला होता. उठलेले सगळे बसले. अध्यक्षही बसले. तोफखान्यांनी काठीवर भार टाकला, पाय झटकला, त्याला एक अस्सल फौजी शिवी घातली आणि उरलेलं अंतर चालून आले. स्मृतिचिन्ह बाईंच्या हातात दिलं आणि वाकून त्यांच्या कानात कुजबुजले, "बाई, एवढ्यात उठू नका हां. मला धरायला खुर्ची लागणाराय."

ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. सभागृह हसलं आणि मग टाळ्या थांबेचनात. अध्यक्षांनाही वाजवाव्या लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी पेपर उघडला आणि चहा तसाच राहिला. फोटो मोठा होता. मध्ये खुर्चीत बाई, समोर ताठ उभे तोफखाना, बाजूला टायरवाले. खाली छापलं होतं: अपंग वृद्धेला मदत देताना ज्येष्ठ माजी सैनिक, सोबत दानशूर उद्योजक. स्वयंसेवकांबद्दल अवाक्षर नाही. झाडणारे, भरणारे, पाइप ठोकणारे, कोणाचाच पत्ता नाही. नणंद हसून हसून बेजार झाली. बाईंनी पेपर उचलला, चपला घातल्या आणि वाटेतच पेपरच्या कचेरीत फोन लावला. संपादक अजून आले नाहीत, थांबा, असं पलीकडून सांगितलं गेलं. थांबते की, बाई म्हणाल्या, त्यांना आज सोडतच नाही.

फोन कानाला लावूनच त्या तोफखान्यांच्या घरात शिरल्या. सूनबाईने आतल्या खोलीकडे बोट केलं. तोफखाना टेबलाशी बसून कात्रीने तोच फोटो कापत होते. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि जीभ दातांत.

"वाचलंत ना काय छापलंय?" बाई कडाडल्या. "मी अपंग! आणि ज्यांनी केलं त्यांचं नावसुद्धा नाही. आता बघाच तुम्ही, उद्या पहिल्या पानावर माफी येते की नाही."

"ठेवा तो फोन, बाई."

"का म्हणून?"

"लढाईवरून आल्यापासून माझे पुष्कळ फोटो छापून आले," तोफखाना कात्री थांबवून म्हणाले. "एकात घोंगडी घेतोय. एकात रेडिओ घेतोय. एकात काठी. आपला घेतोयच. ह्यात पहिल्यांदाच देतोय."

बाईंनी वाकून फोटो पुन्हा पाहिला. तेवढ्यात फोनमधून संपादकांचा आवाज आला, कोण बोलतंय, काय काम आहे. सोडणार नव्हत्या त्या त्यांना. उभ्या रस्त्याने चार वाक्यं जुळवून ठेवली होती, एकाहून एक तिखट.

"चुकून लागला," बाई म्हणाल्या आणि फोन बंद करून टाकला. मग टेबलापाशी खुर्ची ओढली आणि कात्री वाकडी जाऊ नये म्हणून कागदाचं दुसरं टोक धरून बसल्या.