लोटेबाईंच्या शाळेची घंटा

“मूठ कुठाय?” लोटेबाईंनी विचारलं.

श्रीरामला वाटलं, म्हातारीला नीट दिसत नसेल. “ही काय मॅडम, तुमच्या हातातच आहे. तीच जुनी. पॉलिश पेपर मारला, वर व्हार्निशचे दोन हात दिले. कशी नव्यासारखी झालीय बघा!”

बाई बघतच होत्या. त्या खुर्चीत बसल्या, तसा घंटेचा नवा लोलक खणकन वाजला.

सिंगापूरच्या पासिर रिस भागात श्रीरामच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये लोटेबाई एकट्याच राहायच्या. मूळच्या व्हिएन्नाच्या, ज्यू. नाझींच्या वेळी आईबापांबरोबर शांघायला पळाल्या, तिथल्याच एका चिनी माणसाशी लग्न करून पुढे सिंगापूरला आल्या. तोही आता नव्हता. ‘लोटे’ या नावाला ‘बाई’ हे शेपूट श्रीरामच्या बायकोने, योगिनीने जोडलेलं. ती त्यांना पुरणपोळी द्यायची, त्या हिला सफरचंदाचा केक. त्या इंग्रजी बोलायच्या, ही मराठीच रेटायची, आणि दोघींचं छान जमायचं.

श्रीरामचा अर्धा जन्म जहाजांच्या इंजिन रूममध्ये गेला होता. आता तो दुरुस्तीच्या यार्डात सुपरवायझर होता. दुसऱ्याची वस्तू परत करायची ती लख्ख करून, हे त्याच्या देवगडच्या आईचं वळण. त्यात जहाजावरची शिस्त. “यांच्या हाती मांजर दिलं तर तेही घासूनपुसून परत करतील,” असं योगिनी म्हणायची. बाईंनी त्याला पितळेची मोठी घंटा दिली, आपल्या देवघरातल्यासारखीच लाकडी मुठीची, आणि सांगितलं, “फक्त नवा लोलक अडकवून द्या.” आता, ‘फक्त’ हा शब्द श्रीरामच्या कानात कधी शिरलाच नव्हता. मूठ बघून तर त्याला किळसच आली. काळीकुट्ट, चिकट. शी! कोणी धुतली कशी नाही, असं वाटलं त्याला.

“माझे वडील व्हिएन्नाच्या एका ज्यू शाळेत शिपाई होते,” बाई सांगू लागल्या. “घंटा त्यांच्या ताब्यात. पण रोज एका मुलाला वाजवायला द्यायचे. पाळीवरून पोरांची मारामारी व्हायची. शाईचे हात, लोण्याचे हात, शेंबडाचे. आई म्हणायची, धुवा हो ती मूठ एकदा. वडील हसायचे, धुवायचे नाहीत.”

“मग?”

“मग नाझींनी शाळा बंद केली. वडील घंटा बरोबर घेऊनच आमच्यासह पळाले. पुढे त्याच इमारतीत लोकांना कोंडलं आणि गाड्या भरून नेलं. आमच्या शाळेची मुलंही त्यात. युद्धानंतर मी खूप पत्रं पाठवली. दोघंच जिवंत सापडले. आता तिथे शाळेच्या इतिहासाचं प्रदर्शन भरवतायत. सोमवारी मी घंटा पाठवणार होते. फोटो त्यांच्याकडे आहेत, प्रगतिपुस्तकं आहेत. मुलांचे हात तेवढे माझ्याकडे होते.”

श्रीराम उठून घरी आला.

“करायला गेलो गणपती आणि झाला मारुती,” तो म्हणाला.

“अहो, पण त्यांनी आधी सांगायला नको?” योगिनी म्हणाली.

“मी विचारलं का? घेतला पेपर आणि सुटलो! आपल्याला मळ दिसला गं. घाण म्हणून घासून टाकली मी ती पोरं.”

जेवण त्याला गेलंच नाही. दुसऱ्या दिवशी रविवार, तरी सकाळीच तो, मूठ जिथे घासली होती त्या यार्डात गेला. तो पॉलिश पेपर मिळाला तर! त्याच्यावर तरी तो काळेपणा असेल. वर्कशॉपमागचं कचऱ्याचं पिंप त्याने आडवं केलं. तेलाचे बोळे, ग्रीसचे डबे, गंजका चुरा, सगळं हातांनी उपसलं. पेपर पुष्कळ निघाले, पण सगळे लोखंडावर मारलेले. त्यातला एकही त्याचा नव्हता. तसाच, हातसुद्धा न धुता, तो बसमध्ये बसला. शेजारची चिनी बाई उठून पुढे गेली.

दार बाईंनीच उघडलं. त्यांनी त्याचे कोपरापर्यंत माखलेले हात पाहिले.

“नाही मिळाला मॅडम,” तो म्हणाला आणि लहान मुलासारखा रडू लागला.

बाईंनी त्याला उगी केलं नाही. “मला राग आलाय,” त्या म्हणाल्या. “उद्याही असेल. मेल्यावरच जाईल.” मग आत जाऊन त्यांनी घंटा आणली आणि त्याच्यापुढे धरली. “वाजवा.”

“हात घाण आहेत माझे.”

“दिसतंय मला. वाजवा.”

त्याने मूठ धरली आणि घंटा वाजवली. लांबलचक कॉरिडॉरभर आवाज घुमला. काय झालं म्हणून योगिनी दारात आली.

श्रीरामने घंटा दाराजवळच्या टेबलावर ठेवली. चकचकीत व्हार्निशवर त्याच्या पाचही बोटांचे काळे ठसे उठले होते. सवयीने त्याचा हात खिशातल्या फडक्याकडे गेला. फडकं अर्धं बाहेर आलं, आणि मग त्याने ते हळूच परत आत सारलं.