हाजराची फौज

तय्यबच्या बायकोला, हाजराला, जाऊन बारा दिवस झाले होते. दुपारची जोहरची नमाज पढून तय्यब घरी आला, चपला काढल्या आणि पडवीतच उभा राहिला. घरातलं माणूस कमी झालं होतं, त्याची सवय व्हायची होती. पण या वेळेला रोज आतून एक सूर वाजायचा, तोही बंद झाला होता. तो सूर ऐकावा म्हणून त्यानं कपाटातून हाजराचं खेळायचं मशीन काढलं.

मशीन तळहाताएवढं, जांभळ्या रंगाचं. तीन वर्षांपूर्वी कुवेतची नोकरी सोडून कायमचा महाडला आला, तेव्हा त्यानंच ते लेकीसाठी, अरीबासाठी, आणलं होतं. सोबत एकच कॅसेट. खेळ लढाईचा होता. पडद्यावर चौकोनी घरं आखलेली, निळी माणसं आपली, तांबडी दुश्मनाची. आधी आपण आपली माणसं एकेक करून हलवायची, मग दुश्मन त्याची हलवणार. घोडेस्वार लांब जायचा, चिलखतवाला दोन-तीन घरं रखडायचा. लढाईच्या आधी आणि नंतर दोन चेहरे समोरासमोर येऊन बोलायचे आणि खाली अक्षरं उमटायची. ती अक्षरं चिनी होती की जपानी, हे आख्ख्या महाडात कुणाला सांगता आलं नव्हतं.

अरीबा तेव्हा सतरा वर्षांची. अक्षरं बघून तिचं तोंड उतरलं. हाजरा शेजारी भाजी निवडत बसली होती. ती म्हणाली, "वाचायला कशाला पायजे गो? तोंडं बघ ना. हा म्हातारा त्या पोराला ओरडतोय. घोडा उन्हात बांधलास म्हणून."

तिथून ते सुरू झालं. कोण काय बोलतं ते हाजरा सांगायची आणि अरीबा बटणं दाबायची. हाजरानं सगळ्यांना नावं दिली. मोठ्या घोड्यावरचा दाढीवाला तो हैबती. शिवथरचा हैबती म्हणजे तय्यबचा जुना दोस्त, त्याचा भात तय्यबच्या टेम्पोतून बाजारात यायचा. पांढऱ्या झग्यातली, काठी उचलून जखमी माणसाला बरं करणारी, ती प्रयागबाई. खरी प्रयागबाई हैबतीची चुलती, झाडपाल्याचं औषध द्यायची. दोन माणसं बऱ्याच लढाया शेजारी-शेजारी उभी केली की ती आपसात बोलू लागायची. हाजरा म्हणायची, "बघ, जमतंय यांचं," आणि पुढच्या लढाईतही त्यांना जवळच ठेवायची.

मग अरीबाचं लग्न होऊन ती पोलादपूरला गेली. मायलेकींनी ठरवलं की खेळ पुढं न्यायचा तो अरीबा माहेरी आल्यावरच. पण दुपारी हाजरा एकटीनं तीच लढाई खेळून बघायची. कुणी पडलं की मशीन बंद करायची आणि पहिल्यापासून सुरू करायची.

"मशीन खराब हाय काय गो?" तय्यब एकदा खाटेवरून म्हणाला होता. "सारखं बंद करतेस."

"खराब नाय. माणूस पडला."

"मग उठेल की. खोट्या माणसांसाठी एवढा जीव काढतेस तो."

ती हसली होती. समजावून सांगितलं नव्हतं, आणि त्यानंही विचारलं नव्हतं.

आता त्यानं बटण दाबलं आणि सूर वाजला. थोडा वेळ तो नुसता ऐकत बसला. मग त्याला वाटलं, खेळून तरी बघू.

चौदा माणसं नदीच्या पुलाजवळ उभी होती. माणूस कसा हलवायचा ते त्याला तासाभरात जमलं. सगळे लढत होते आणि प्रयागबाई मात्र काठी धरून मागं उभी. ही काय करते नुसती उभी राहून, असं वाटून तय्यबला चीड आली. त्यानं तिला सगळ्यांच्या पुढं, पुलावर काढली. कुऱ्हाडवाल्यानं दोन घाव घातले. तिचा चेहरा पडद्यावर मोठा आला, ओठ हलले, डोळे मिटले आणि चेहरा विरून गेला.

तय्यबला त्याचं काही वाटलं नाही. बस स्टँडजवळच्या व्हिडिओ पार्लरमध्ये त्यानं पोरांचे खेळ पाहिले होते. तिथं माणूस पडतो आणि पुन्हा उठतो. लढाई संपल्यावर मशीननं काहीतरी विचारलं. दोन ओळी आल्या. वरची दाबली की पुढं जातं, एवढं त्याला कळलं होतं. त्यानं वरची दाबली.

आठवडाभर रोज दुपारी तो बसला. चार लढाया झाल्या. माणसं कमी दिसत होती. पण दमलेली असतील, पुढं येतील, असं धरून तो चालला. आणि खरं सांगायचं तर मोजण्याकडे त्याचं ध्यानच नव्हतं. वेळ जात होता, तेवढं त्याला पुरे होतं.

हाजराच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणासाठी तांदूळ घेऊन हैबती आला. पोतं पडवीत टाकून घाम पुसत म्हणाला, "तय्यबभाय, माझा घोडा काय म्हणतो?"

"कसला घोडा?"

"वयनीच्या खेळातला. मला घोड्यावर बसवला हाय तिनं, आख्ख्या शिवथरला ठाऊक हाय. पंखवाल्या घोड्यावरची पोरगी बघितली होती माझ्यासाठी. लगीन लागलं काय?"

"बायको घरी बसलेय तुझी."

"तिलाच सांगून आलो. ती बोलली, पोरगी भात लावायला येते काय ते आधी विचार." हैबती हसला आणि एकदम थांबला. हाजराच्या घरात आपण हसलो, असं त्याला झालं असावं. हळू आवाजात म्हणाला, "दाव तरी मला. वयनीनं कसा ठेवलाय तो बघू दे."

"सेल संपलेत," तय्यब म्हणाला.

सेल कालच घातले होते. हैबती गेल्यावर त्यानं मशीन लावलं आणि पहिल्यांदा माणसं मोजली. चार होती. दाढीवाला कुठंच नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो बाजारपेठेत यशराजच्या दुकानात गेला. यशराज मोबाईल दुरुस्त करायचा, असली मशीनंही उघडायचा. त्यानं दोन बटणं दाबून बघितलं.

"काका, हे कुणी खेळलं?"

"का रे?"

"दहा जण मारलेत. बरं करणारी बाईसुद्धा नाही राहिली."

"उठतील ना परत?"

"नाही हो. या खेळात मेला तो मेला, पुढच्या लढाईत येत नाही. म्हणून तर लोक बंद करून पहिल्यापासून खेळतात. सेव्ह करायचं नाही तोवर सगळं परत मिळतं. तुम्ही प्रत्येक वेळी सेव्ह केलंय."

तय्यब दुकानाच्या फळीला धरून उभा राहिला. एक माणूस जाऊ नये म्हणून हाजरा आठ-आठ दिवस तीच लढाई पुन्हा लढत होती, आणि तो खाटेवरून मशीन खराब म्हणत होता. पोराच्या वयाच्या यशराजकडे त्याला वर बघवेना.

"लेक येणार हाय," तो म्हणाला. "फोनवर सांगून बसलो, तुझ्या अम्मानं ठेवलं तसंच ठेवलंय."

यशराजनं खण उघडला. "हीच कॅसेट आहे माझ्याकडे, एक गिऱ्हाईक टाकून गेलंय. यात सगळे जिवंत आहेत. न्या बदलून. कुणाला कळतंय?"

तय्यबनं ती घेतली. हाजराची कॅसेट सदऱ्याच्या खिशात ठेवली.

चाळिसाव्याच्या दोन दिवस आधी अरीबा आली. हाजराची धाकटी बहीण बुशरा आधीच आली होती. दोघी रडल्या, जेवल्या, तांदूळ निवडले. मग अरीबानं मशीन मागितलं. तय्यबनं कपाटातून काढून दिलं आणि तिच्यासमोरच बसला. माणसं एकेक करून पडद्यावर येताना तिचा चेहरा उजळला. ते बघून आपण केलं ते बरंच केलं, असं त्याला वाटलं.

मग तिच्या कपाळाला आठी पडली.

"अब्बा, हा तर किल्ला हाय."

"मग?"

"आम्ही पुलाजवळ होतो. हे कितीतरी पुढं हाय. शेवटच आलाय जवळ." ती बटणं दाबत राहिली, जणू कुठं तरी पूल सापडेल. "अम्मा माझ्याशिवाय एवढी पुढं गेली?"

तय्यबचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला.

"फोनवर मला बोलायची, ये लवकर, हैबती घोड्यावर बसून ताटकळलाय. आणि इथं एकटीच..." तिनं मशीन मांडीवर ठेवलं. "मी रमजानात आले नाय, म्हणून रागावली होती काय माझ्यावर? खरं सांगा."

सांगायची वेळ तीच होती. त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ काय होतो हे त्याला कळत होतं, तरी तो गप्प राहिला.

अरीबा मशीन घेऊन चुलीकडे गेली. आतून बोलणं ऐकू येत होतं.

"सोड गो," बुशरा म्हणत होती. "आजारी माणूस. करमणूक म्हणून खेळली असेल."

"मला सांगायचं तरी. शब्द दिला होता तिनं."

"जाणाऱ्या माणसाचे शब्द धरून बसतात काय?"

"खोटं बोलली माझ्याशी, खाला. शेवटचं बोलली तेही खोटं."

हे मात्र तय्यबला ऐकवलं नाही. आयुष्यभर त्यानं हाजराला बरंच काही ऐकवलं होतं, पण खोटी कधी म्हटलं नव्हतं, कारण ती नव्हतीच. आणि आता ती मातीत असताना त्यानं तिला लेकीच्या तोंडून खोटी ठरवलं होतं. तो उठला, दारात गेला आणि खिशातली कॅसेट पुढं धरली.

"ही तुझ्या अम्माची. आत घातलीय ती दुसऱ्याची हाय, मी दुकानातून आणली."

अरीबानं ती लगेच घेतली नाही.

"अम्मा पुलाजवळच थांबली होती. तुझी वाट बघत. पुढं मी खेळलो. माणसं मारली मी. मला ठाऊक नव्हतं ती परत येत नाय ते."

"आणि मघाशी गप्प का बसलात?" बुशरानं विचारलं. तिचा आवाज चढला होता. "पोरगी आईला बोल लावत होती आणि तुम्ही ऐकत बसलात, दुलाभाय?"

लाज वाटली म्हणून, असं सांगायचीही त्याला लाज वाटली.

अरीबानं हात पुसले, कॅसेट घेतली, मशीनमध्ये घातली. चुलीजवळच खाली बसली. तो उभाच होता. तिनं 'बसा' म्हटलं नाही.

"चौघंच?" ती म्हणाली.

"चौघं."

"प्रयागबाई?"

"पुलावर पडली. पहिलीच. मीच पुढं पाठवली. नुसती मागं उभी असते, असं वाटलं मला."

बुशरानं तोंडाला पदर लावला.

"हैबतीकाका?"

"त्याच्या पुढच्या लढाईत. चिखल होता. घोडा चिखलात चालत नाय, दोन घरं गेला आणि अडकला. चौघांनी घेरला."

"ती पंखवाली?"

"ती त्याला काढायला गेली. म्हणजे मीच पाठवली. तिला बाण लागला."

ती एकेक विचारत गेली आणि तो सांगत गेला. कोण कुठं, कुणाच्या हातून. आवाज त्याचा बारीक होत गेला, पण तो थांबला नाही. एवढं तरी आपल्याला सांगता येतंय, असं त्याला वाटत होतं. नऊ झाले.

"आणि ती धनुष्यवाली? हिरव्या ओढणीची?"

तय्यब आठवू लागला. पूल आठवला, चिखल आठवला, नंतरचं जळकं गाव, बर्फातली वाट. हिरवी ओढणी कुठंच येईना.

"कुठली गो?"

"चंद्राबाई. पहिल्या लढाईपासनं होती, अब्बा. कोपऱ्यात उभी राहून तीच सगळ्यांना सांभाळायची."

"मला..." तय्यब म्हणाला, "ती कधी गेली ते मला ठाऊक नाय. ती होती, हेच मला ठाऊक नाय."

अरीबानं वर बघितलं नाही.

"आठवा," ती म्हणाली.

तय्यब उंबऱ्यावर खाली बसला आणि आठवू लागला.