मुंबईची पत्रिका

सुंदरम्मांनी कडक भाकरीची चवड दोन घरांमधल्या ठेंगण्या भिंतीवर ठेवली, पदराला हात पुसले आणि पलीकडे पंचांग चाळत बसलेल्या वेणीमाधव गुरुजींना हाक मारली.

“गुरुजी, एक पत्रिका मांडायची हाय.”

“सोमलिंगाला स्थळ आलं वाटतं?”

“त्याची न्हाय. मुंबईची.”

गुरुजींनी चष्मा कपाळावर सरकवला. बत्तीस वर्षं त्यांनी शाळेत भूगोल शिकवला होता आणि जोडीला ज्योतिषाचा नाद जपला होता. माणसांच्या पत्रिका तर किती मांडल्या त्याची गणतीच नव्हती. वळसंगच्या एका शेतकऱ्याच्या आग्रहाखातर एकदा बैलाचीही मांडली होती. पण शहराची?

“पोरगं आठ वर्षं झाली तिच्यापाशी ऱ्हातंय,” सुंदरम्मा म्हणाल्या. “गिरणीतले मुकादम ईश्वरप्पा हितं कामाला लावून देत हुते, तरी आलं न्हाय. लगीन कर म्हनलं तर नुसतं हसतंय. आता लिवलंय, घर मोड आन्‌ माझ्याकडं ये. दुसरी कुनी सून आनायची असती तर तुमी तिचा स्वभाव, तिचं नशीब सांगितलं असतंच की. मग हिचं सांगा. बाई कशी हाय ते कळू द्या, मग मी ठरवते.”

सोमलिंग मुंबईच्या बंदरात क्रेन चालवत होता. तो चार वर्षांचा असताना त्याचे वडील गेले. तेव्हापासून सुंदरम्मांनी भाकऱ्या थापून त्याला वाढवलं होतं. दुष्काळाची दोन वर्षंही त्यांनी सोलापुरात त्याच चुलीवर काढली, मुलाकडे जायचं नाव घेतलं नाही. आणि आता त्या विचारात पडल्या होत्या.

त्या रात्री जेवताना गुरुजींनी बायकोला, दुर्गाबाईंना, हे सांगितलं. त्या ताटातली भाकरी मोडता मोडता म्हणाल्या,

“वाईट लिहा.”

“काय?”

“मुंबईचं. जरा वाईट लिहा.”

“अगं, शास्त्र आहे ते. जे निघेल ते लिहायचं.”

“निघेल ते लिहाच. त्यावर थोडं जास्त.” आणि त्यांनी ताक वाढायला वाटी पुढे ओढली.

गुरुजींना कारण ठाऊक होतं. दुर्गाबाईंना टायफॉइड झाला तेव्हा एकवीस दिवस जोंधळ्याच्या कण्या त्या भिंतीवरूनच आल्या होत्या. भिंत चार विटांनी उंच करू या, असं गुरुजींनी एकदा सुचवलं, तर दोन्ही बायका त्यांच्यावर अशा तुटून पडल्या की पुन्हा त्यांनी विषय काढला नाही.

पुढचे तीन आठवडे गुरुजी रोज वाचनालयात जाऊ लागले. माणसाचं सोपं असतं. सुईण वेळ सांगते. शहराची सुईण कुठून आणायची? कोळ्यांची वस्ती केव्हाची, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी एका जाडजूड जुन्या पुस्तकात त्यांना हवं ते सापडलं. सोळाशे एकसष्टचा जून. पोर्तुगालच्या राजकन्येचं इंग्लंडच्या राजाशी लग्न ठरलं आणि लग्नाच्या करारात मुंबई लिहून दिली गेली. गुरुजींनी तीच जन्मवेळ धरली. पत्रिकेचं लग्न कर्क आलं, जलराशीचं. शनी तुळेचा, उच्चीचा, आणि बसला होता चौथ्या घरात. गुरुजी पाटीवर आकडे मांडत, पुसत, पुन्हा मांडत. शाळेतून निवृत्त झाल्यापासून इतकं सुख त्यांना लागलं नव्हतं. बत्तीस वर्षं छडीचं टोक ज्या ठिपक्यावर टेकवून ते ‘नैसर्गिक बंदर’ म्हणत आले होते, त्या ठिपक्याला आता स्वभाव फुटत होता. समुद्र मात्र त्यांनी अजून पाहिला नव्हता.

आठ पानं झाली. दुर्गाबाईंनी ती वाचून परत दिली, पण जागेवरून उठल्या नाहीत. गुरुजींनी नववं पान घेतलं आणि जड हाताने चार ओळी वाढवल्या.

सोमवारी सकाळी सुंदरम्मा आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. दुर्गाबाई सुपात शेंगदाणे घेऊन निवडायला बसल्या. गुरुजी खाकरले आणि वाचू लागले.

“जातक जलतत्त्वाचे. चंचल, परंतु कष्टाळू. सूर्याआधी उठणारे. याची ओसरी मोठी, दार सताड उघडे. आल्यागेल्यास भाकरी मिळेल, परंतु बसावयास पाट मिळेलच असे नाही. हे माणसाचे काम विचारते, गाव विचारीत नाही. धन हातात येते आणि हातातूनच जाते. भाग्य पाण्याशी बांधलेले. जे मिळाले ते पाण्याने दिले. पुढेही पाणीच देईल, आणि एखादे वेळी परतही मागेल. लक्षावधी लोक यास आपले म्हणतील. हे कोणास आपले म्हणेल, हे सांगता येत नाही.”

“लई बरं लिवलंय,” सुंदरम्मा म्हणाल्या. “कामसू हाय म्हना.”

गुरुजींना उभारी आली. स्वभाव, धन, शत्रू, प्रवास असं करत ते नवव्या पानावर आले आणि त्यांचा आवाज उतरला.

“वृद्धांस ही भूमी मानवत नाही. पाणी बाधते. गुडघ्यांचे विकार बळावतात. शेजार लाभत नाही.”

सुंदरम्मा हसल्या. इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं.

“गुरुजी, ह्यो शनी न्हाय बोलत. ही दुर्गा बोलतीया.”

दुर्गाबाईंनी मान वर केली नाही. सुपातला एक चांगला दाणा उचलून त्यांनी खड्यांत टाकला. गुरुजींनी पानं घडी घालायला घेतली, तेव्हा सुंदरम्मांनी विचारलं,

“पर त्यो चौथ्या घरातला शनी म्हनला की तुमी. त्याचं काय सांगितलं न्हाय.”

ते गुरुजींनी मोघम ठेवलं होतं. “चौथं घर मातेचं,” ते म्हणाले. “तिथे शनी म्हणजे... आईची माया कमी. जन्मवेळच तशी आहे. पोर्तुगालच्या राजघराण्याने हे बेट आंदण दिलं, राजकन्येच्या लग्नात.”

“आंदण?”

“हो. भांडीकुंडी देतात तसं.”

“आन्‌ ती राजाची पोरगी हितं नांदली का?”

“नाही. ती इंग्लंडात नांदली. मुंबई तिने कधी पाहिलीसुद्धा नाही.”

सुंदरम्मांचं हसू मावळलं. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

“म्हंजे जिच्या लग्नात दिली तिनंबी बघितली न्हाय,” त्या हळू म्हणाल्या. “आई न्हाय, म्हायेर न्हाय. आन्‌ समद्या मुलखाची पोरं दारात. मी आपली आठ वर्षं तिला शिव्याच घातल्या की, गुरुजी. माझं पोरगं गिळलं म्हनून.”

मग त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या.

“तिची वटी कुनी भरली नसंल. मला जायाला पायजे. पर मी कशी भरनार? कपाळाला कुंकू न्हाय. दुर्गा, तू चल की.”

“मी कशाला येते?” दुर्गाबाई ताडकन म्हणाल्या आणि सूप घेऊन आत गेल्या. थोड्या वेळाने आतून ट्रंकेचं झाकण उघडल्याचा आवाज आला. दुपारी बाजेवर एक हिरवा इरकली खण उन्हाला घातलेला दिसला.

पंधरा दिवसांनी तिघं मुंबईला उतरली. सोमलिंग स्टेशनवर आला होता. त्याच्या खांद्याचा रुंदपणा पाहून सुंदरम्मा क्षणभर थबकल्या, मग त्यांनी त्याच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. मुंबईला भेटायचं आहे म्हटल्यावर त्याने फार प्रश्न विचारले नाहीत. आपण जिथे काम करतो तिथे बायकांना सोडत नाहीत, पण जवळच भाऊच्या धक्क्यावर नेतो, म्हणाला.

धक्क्यावर मासळीचा असा वास होता की दुर्गाबाईंनी आणि सुंदरम्मांनी एकाच वेळी नाकाला पदर लावला आणि एकमेकींकडे बघून पदराआडच हसल्या. गुरुजी पुढे गेले. नकाशात निळा असलेला समुद्र इथे मातकट होता, पावसाने वाहून आणलेल्या शेतासारखा. पण धुरकटात त्याला पलीकडचा काठच दिसत नव्हता. गुरुजींनी टोपी काढून हातात घेतली. सोमलिंग बोट दाखवून सांगत होता, ती तिकडची उंच क्रेन, तिच्यावर मी असतो, वरून सगळं दिसतं, सकाळी लांबून जहाज येताना आधी मला दिसतं. आई त्याच्या बोटाकडे बघत नव्हती, त्याच्या तोंडाकडे बघत होती.

दुर्गाबाई पायऱ्या उतरून पाण्यापाशी बसल्या. त्यांनी पाण्याला हळदकुंकू वाहिलं, खणात नारळ ठेवला, आणि तांदळाऐवजी पिशवीतून आणलेली ज्वारी ओंजळीने त्यात घातली. “आमच्याकडे हेच पिकतं,” त्या पाण्याला म्हणाल्या, आणि ओटी सोडली. खण फुगला, पायऱ्यांजवळ जरा घुटमळला आणि लाटेबरोबर आत गेला.

मग सुंदरम्मा त्यांच्या शेजारी बसल्या. हाताने पाणी हलवत त्यांनी आधी खुशाली विचारली, “आराम अदीयेनवा?” आणि पुढे त्या कितीतरी वेळ कानडीत बोलत राहिल्या, हळू, नव्याने ओळख झालेल्या बाईशी बोलावं तशा. गुरुजींना कानडी येत नव्हती. त्यांना एकच शब्द कळला, गड्डा. म्हणजे सोलापूरची संक्रांतीची जत्रा, जिला बाहेरगावची पोरं घरी येतात. दुर्गाबाईंना तीस वर्षांच्या शेजारामुळे सगळं कळत होतं. ऐकता ऐकता त्यांनी एकदा वळून क्रेनकडे पाहिलं, एकदा सोमलिंगाकडे, आणि मग डोळे पुसले.

बायका पायऱ्या चढून वर आल्या. चहाच्या टपरीवर सोमलिंगाने चौघांना चहा सांगितला. गुरुजी जरा बाजूला होऊन त्याला विचारू लागले,

“आमच्या दोघांच्या परतीचं रिझर्वेशन कुठे करतात रे? उद्याचं मिळेल ना?”

सोमलिंग काही बोलायच्या आत मागून दुर्गाबाईंचा आवाज आला. त्या बशीत चहा ओतून सुंदरम्मांपुढे धरत होत्या.

“तीन काढा,” त्या म्हणाल्या.